मास्तरांचा उजवा पाय

माझ्या थोरल्या भावाला सगळी गल्ली मास्तर म्हणते. शाळेतले नव्हे, शिलाईचे. तो पुरुषांचे कपडे शिवतो, आणि गळ्यात टेप नसेल तर त्याला उघडंवाघडं वाटतं. मी त्याला दादा म्हणते, तो मला फौजदार म्हणतो. आमच्या फौजदाराच्या जिभेला हाड नाही, हे त्याचं गिऱ्हाइकांपुढचं ठरलेलं भाषण. टपाल कचेरीच्या खिडकीत बसून दिवसभर पार्सलं तोलणाऱ्या बाईचं गोड बोलून भागत नाही, हे त्याला कोण सांगणार? पण गेल्या वर्षी दोन दिवस माझी अशी दातखीळ बसली, की ती आठवली तरी आज माझी मला लाज वाटते.

आधी दादाचं सांगते. दहा वर्षांपूर्वी दुकानाच्या माळ्यावरून कापडाचा गठ्ठा काढताना तो शिडीवरून पडला. खाली कापायच्या टेबलाची कड होती. पाठीचा कणा दोन खांद्यांच्या मध्ये, थोडा खाली, मोडला. तेव्हापासून छातीच्या खाली त्याला काहीच कळत नाही. चिमटा काढा, सुई टोचा, चटका द्या, पाय आपले मुकाट. हात मात्र पहिल्यापेक्षा दणकट झाले.

पहिलं वर्ष तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. कोणी भेटायला आलं की झोपल्याचं सोंग घ्यायचा. मग एके दिवशी दुकानात काज-बटणं करणाऱ्या काकू एक पँट घेऊन आल्या. गिऱ्हाइकं तुटू नयेत म्हणून त्यांनी ती स्वतः कापून शिवली होती. ती पाहून दादाचं डोकं असं फिरलं की म्हणाला, "ही माणसानं घालायची आहे की गादीला घालायची आहे?" दुसऱ्याच आठवड्यात त्याने चाकाची खुर्ची मागवली. काकू अजून म्हणतात, मी मुद्दामच वाईट शिवली होती. खरं खोटं देव जाणे. त्यांचं एरवीचं काम पाहता मला तरी ती मुद्दाम वाटत नाही.

आता मशिनच्या मोटरचा पायडल टेबलावर असतो, दादाच्या डाव्या कोपराखाली. कोपर दाबलं की सुई पळते. छातीला रुंद पट्टा लावून तो खुर्चीत बसतो, नाहीतर पुढे कलंडेल. स्वतःच्या पँटी तो स्वतःच शिवतो. मागे खिसे नाहीत, शिवणी बाहेरच्या अंगाला, कारण बसल्या जागी एक जाड शिवण टोचत राहिली आणि ती त्याला कळली नाही, तर खालची कातडी मरते. हे आम्ही पुस्तकात वाचून शिकलो नाही. चौथ्या वर्षी बैठकीच्या हाडावर जखम झाली, ती हाडापर्यंत गेली, आणि दादा चौदा महिने पालथा पडून होता. चौदा महिने. छातीखाली उशी घेऊन तो हाताने पँटींच्या तळच्या मोऱ्या दुमडायचा आणि जमिनीशी बोलायचा. जखम भरली त्या दिवशी त्याने मला जवळ बोलावलं आणि अगदी सरळ आवाजात सांगितलं, "पुन्हा जखम झाली तर मी यातून उठणार नाही. एवढं लक्षात ठेव." तो उगाच बोलणारा माणूस नाही.

तेव्हापासून आम्ही ताकसुद्धा फुंकून पितो. दर पंधरा मिनिटांनी टेबलावरचं घड्याळ वाजतं आणि दादा हातांवर भार देऊन बैठक उचलतो. सकाळ-संध्याकाळ त्याच्या अंगाची तपासणी होते. पुढचं तो आरशात बघतो, मागचं आणि टाचा मी बघते. रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी त्याचे पाय वाकवते, सरळ करते, नाहीतर सांधे आखडतात. आणि रविवारी तो दोन्ही मांड्यांची, दोन्ही पोटऱ्यांची मापं टेपने घेतो आणि गिऱ्हाइकांच्या मापांच्याच वहीत शेवटच्या पानावर लिहितो. सूज आली तर डोळ्याला उशिरा कळते, टेपला लवकर, असं त्याचं म्हणणं.

गेल्या वर्षीच्या त्या शनिवारी मला दिसलं की घड्याळाचा गजर बंद आहे. विचारलं, तर म्हणाला, "काल एक कोट संपवायचा होता. दर पंधरा मिनिटांनी ते कोकलतं, हात हलतो."

"किती वेळ बंद होतं?"

"झाला असेल तासभर."

"तासभर की दुपारभर?"

त्याने छताकडे बघितलं. माझं टाळकं सरकलं. चौदा महिने याची जखम धुतली ती मी, आणि हा एका कोटासाठी गजर बंद करतो. मला कामावर जायला उशीर होत होता, तोंडाने मी त्याला लाखोली वाहत होते आणि हाताने त्याचा उजवा पाय वाकवत होते. पाय जरा ताठ होता. अशा वेळी थांबायचं, मांडी चोळायची, मग हळूहळू वाकवायचं, हे मला नऊ वर्षं ठाऊक आहे. मी थांबले नाही. मी जोर लावला.

कट्ट असा आवाज झाला. सुकी फांदी मोडल्यासारखा, पण आत, कापडात गुंडाळलेला.

दादा अजून कोटाबद्दलच बोलत होता. त्याने ऐकलं नाही. मी पाय खाली ठेवला, चादर सारखी केली, आणि मनाला म्हटलं, खाट कुरकुरली. ती खाट कुरकुरते हेही खरं आहे. पण तिचा आवाज वेगळा, आणि तो मी रोज ऐकते.

दुपारी घरी आले तेव्हा काकूंनी सांगितलं, मास्तरांचं डोकं दुखत होतं, घाम फुटला होता, आता बरं आहे. दादा पडला तेव्हा मोठ्या दवाखान्यातून सोडताना तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला एक कार्ड दिलं होतं. अंगाच्या ज्या भागाचं कळत नाही तिथे काही बिनसलं, तर शरीर वरच्या बाजूने बोंब मारतं, असं त्यात होतं. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घामाच्या धारा लागतात, रक्तदाब चढतो. कारण शोधून ते लगेच दूर केलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. कारणं ओळीने दिलेली होती: लघवीची नळी मुडपली, पोट साफ नाही, कपडा आवळला, जखम, मोडलेलं हाड. काकूंनी नळी तपासली होती, ती थोडी वाकलेली सापडली, सरळ केली, आणि डोकं दुखायचं थांबलं. झालं. मला हवं ते कारण मिळालं. मी त्या नळीला मनातल्या मनात हजार धन्यवाद दिले.

रविवारी दादाने मापं घेतली. एकदा घेतली, टेप झटकली, पुन्हा घेतली.

"फौजदार, इकडे ये. उजवी मांडी दीड इंच जास्त भरते आहे."

मी हात लावला. गुडघ्याच्या वर मांडी गरम होती. तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बाहेर आलं ते एवढंच, "डॉक्टरांना बोलवू या."

आमचे नेहमीचे डॉक्टर आले. भला माणूस, गेली वीस वर्षं आमचं सर्दी-पडसं बघतो. त्यांनी सुजलेली मांडी पाहिली आणि म्हणाले, बसून बसून पायाच्या शिरेत गाठ झाली असणार, अशा रुग्णांना होते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. तपासणी उद्या करू, पण औषधाला उशीर नको. त्यांनी रक्त पातळ करायचं इंजेक्शन पोटावर दिलं. जाताना मला विचारलं, "कुठे पडले-बिडले नाहीत ना?"

"नाही," मी म्हणाले. पडला नव्हताच तो.

ती रात्र कशी गेली ते विचारू नका. सोमवारी सकाळी दुसरं इंजेक्शन झालं, आणि आम्ही त्यांच्या दवाखान्यात तपासणीची चिठ्ठी घ्यायला गेलो. तिथे पलंगावर घेताना दादाची पँट वर सरकली, आणि मला मांडीच्या आतल्या बाजूचा रंग दिसला. वांग्यासारखा जांभळा, गुडघ्यापर्यंत उतरलेला. मोडलेल्या हाडाच्या आजूबाजूला रक्त झिरपत होतं, आणि आम्ही ते थांबू नये म्हणून इंजेक्शनं देत होतो. मी दिली नव्हती, पण देऊ दिली होती.

"डॉक्टर, गाठ नाही," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "हाड मोडलंय. शनिवारी सकाळी. माझ्या हातून. मी आवाज ऐकला."

डॉक्टरांनी हातातली चिठ्ठी फाडली आणि एक्स-रेची लिहून दिली. दादाने माझ्याकडे बघितलं नाही.

एक्स-रेत कोणालाही दिसेल असं होतं. गुडघ्याच्या चार बोटं वर मांडीचं हाड तुटून त्याची टोकं एकमेकांवर सरकली होती. आम्ही हाडांच्या दवाखान्याच्या बोळात डॉक्टरांची वाट पाहत बसलो. भिंतीला हिरवा रंग होता, बाकाचा एक पाय आखूड होता. दादा मला शिव्या देईल अशी मी वाट पाहत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी तो म्हणाला, "हाड मोडलंस त्याचं मला काही नाही. नऊ वर्षं भार न पडलेलं हाड, त्याचा खडू झालाय हे मलाही माहीत आहे. गजर मी बंद केला होता, राग तुला आला, तिथपर्यंत फिट्टंफाट. पण तू दोन दिवस गप्प बसलीस."

"घाबरले होते."

"घाबर ना. घाबरायला कोण नको म्हणतंय? पण तोंड उघडून घाबर." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "या पायाला ओरडता येत नाही. त्याचं ओरडणं मी तुझ्याकडे सोपवलंय. जगाला टाकून बोलतेस, आणि माझ्या पायाच्या वेळी मूग गिळतेस?"

मी रडले. त्याने टेप काढून माझ्या हातात दिली, म्हणाला, रुमाल नाही, याने पूस. मग स्वतःच ती परत घेतली, कारण टेप ओली झाली की आटते म्हणे. इतका संतापलेला असतानाही त्याला टेपची काळजी.

हाडांचे डॉक्टर तरुण आणि घाईत होते. ऑपरेशन नको म्हणाले, असल्या हाडात स्क्रू टिकणार नाही. मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर, आठ आठवडे.

दादा म्हणाला, "डॉक्टर, कडक प्लास्टर नको. आत काही टोचलं तर मला कळणार नाही. भरपूर कापूस घालून दोन्ही बाजूंनी फळ्या लावा, पट्ट्याने आवळा, रोज उघडून बघता येईल असं."

"रोज उघडलं तर हाड जुळणार कधी? आणि तुम्हाला दुखत तर नाही ना, मग काळजी कसली?"

दादा माझ्याकडे बघून हसला. न दुखणं म्हणजे चैन, असं वाटणारी माणसं आम्हाला नऊ वर्षं भेटत आली आहेत. शेवटी तडजोड झाली. प्लास्टर घालायचं, पण आत दुप्पट कापूस, आणि दोन दिवस दवाखान्यातच राहायचं. मी कबूल झाले, तरी मन खात होतं. ओलं पांढरं प्लास्टर पायावर चढत गेलं आणि टाच दिसेनाशी झाली, तेव्हा खोलीचं दार कोणीतरी बाहेरून लावून घेतल्यासारखं मला वाटलं.

बुधवारी दुपारी दादा छातीला पट्टा लावून, खाटेवर रेलून, अगदी नेहमीसारखा भात जेवत होता. मध्येच चमचा खाली ठेवून म्हणाला, "डोकं ठणकतंय." बघता बघता मानेपर्यंत लाल झाला. कपाळावर घाम.

यावेळी तोंड बंद ठेवायचं नव्हतं. मी खाटेचं डोकं वर केलं, त्याला ताठ बसवलं, छातीचा पट्टा सोडला. नळी बघितली, सरळ होती. पिशवीत लघवी नीट उतरत होती. पोट सकाळीच साफ झालं होतं. सिस्टरना हाक मारली, त्यांनी रक्तदाब घेतला. एकशे नव्वद.

"दगदगीने वाढलाय, बाई," सिस्टर म्हणाल्या. "टेन्शन घेऊ नका, त्यांनाही लागेल."

"याचा नेहमीचा शंभर असतो. हे टेन्शन नाही, प्लास्टरच्या आत काहीतरी आहे. प्लास्टर कापा."

"डॉक्टर ऑपरेशनला आहेत. संध्याकाळी फेरीला येतील तेव्हा..."

"संध्याकाळपर्यंत याची शीर फुटली तर संध्याकाळी येऊन काय बघणार?" माझा आवाज अख्ख्या वॉर्डात गेला. शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. मी पर्समधून ते कार्ड काढलं, घड्या पडून पडून त्याचे चार तुकडे झालेले, आणि त्यांच्या हातात एकेक तुकडा ठेवत गेले. एकशे नव्वदचा आकडा आणि कार्डावरची ओळ दाखवली. "फोन करा, आत्ता. हवं तर मी कापते, माझ्या भावाच्या दुकानात कात्र्यांना तोटा नाही."

सिस्टर वाईट नव्हत्या. त्यांनी कार्ड वाचलं, रक्तदाब पुन्हा घेतला, एकशे शहाण्णव, आणि धावतच फोनकडे गेल्या. ऑपरेशनमधून निरोप आला, कापा. रक्तदाबाची गोळी आली आणि पाठोपाठ प्लास्टरवाले मामा आपलं छोटं करवतीचं मशिन घेऊन आले. जाडजूड, सावकाश माणूस. मला त्यांच्या पाठीत ढकलावंसं वाटत होतं.

दादाचे डोळे मिटलेले होते. तरी म्हणाला, "मामा, सांभाळून. शिवणं कोणालाही येतं, उसवायला अक्कल लागते."

"बोलू नकोस," मी ओरडले.

मशिन घरघरलं. बाहेरच्या बाजूने एक चीर, आतल्या बाजूने एक चीर. पांढरी धूळ चादरीवर पडली. वरचं अर्धं कवच निघालं, कापूस सोलला, नडगी दिसली. नडगी ठीक होती. मामांनी पाय दोन्ही हातांनी अलगद उचलला, आणि खालचं अर्धं कवच मी ओढून काढलं. टाचेपाशी कापसाची एक वळकटी घट्ट दाबून बसली होती, दोरीसारखी पिळलेली.

सिस्टर रक्तदाब घेतच होत्या. एकशे सत्तर. मग एकशे चाळीस. दादाने डोळे उघडले. मानेवरची लाली उतरायला लागली होती. म्हणाला, "डोकं उतरतंय." मग लगेच, "टाच कशी आहे?"

मी वाकले. टाचेवर लाल पट्टा उमटला होता. लाल असणं वाईट नाही. त्यावर अंगठा दाबायचा. दाबल्यावर कातडी पांढरी पडली आणि सोडल्यावर पुन्हा लाल झाली, तर खाली रक्त फिरतंय, कातडी जिवंत आहे. दाबूनही लालच राहिली, तर आत बिघडायला सुरुवात झाली आहे. चौदा महिन्यांची सुरुवात अशीच झाली होती.

मी पट्ट्याच्या वरच्या टोकाला दाबलं. पांढरं झालं, लाल झालं. खालच्या टोकाला दाबलं. पांढरं, लाल. मग मधे दाबलं.

माझ्या अंगठ्याच्या कडेने लालच दिसत राहिलं. अंगठा काढला, पुन्हा दाबला, जास्त वेळ. लालच.

दादाला त्याची टाच दिसत नाही. तो खाटेच्या डोक्याकडून फक्त माझा चेहरा बघत होता. मला म्हणायचं होतं, ठीक आहे. हे दोन शब्द अगदी ओठांवर होते, आणि ते म्हणाले असते तर त्या दुपारी तरी आम्हा दोघांना सुखाने श्वास घेता आला असता.

"दोन्ही टोकांना चांगलं आहे," मी म्हणाले. "मधे दाबलं तरी लालच राहतंय."

"केवढं?"

"करंगळीच्या नखाएवढं."

"कातडी फुटली आहे?"

"नाही. अजून नाही."

मामा पाय तसाच धरून उभे होते. पालथं पडून जमिनीशी बोलणारा दादा मला दिसला, आणि त्यालाही तोच दिसत असणार. त्याने एकदा गळ्यापाशी हात नेला, टेप तिथे नव्हती, हात परत चादरीवर आला.

"मामा," तो म्हणाला, "पोटरीखाली उशी द्या, टाच अधांतरी राहिली पाहिजे. सिस्टर, डॉक्टरांना सांगा, आता फळ्याच लागतील, रोज उघडणाऱ्या." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आता दुसरा पाय बघ. आणि दिसेल ते मोठ्याने सांग."

मी खाटेला वळसा घालून डाव्या बाजूला गेले, चादर वर केली, आणि सांगायला लागले.